बांधावरचा रोमन देव

भाईदास आबांशी कोणत्याही विषयावर बोलायला बसा, गाडी शेवटी बांधावर येऊन थांबते. केळीचा भाव विचारा, नाहीतर गुडघ्याचं दुखणं विचारा, दोन वाक्यांत आबा धाकट्या भावाच्या, भरतच्या नावाने खडे फोडायला लागतात. वाटणीत दोघांना शेजारीशेजारी शेत आलं आणि मधला बांध वैर घेऊन आला. भरतने बांध कोरला, असं आबा म्हणतात. भरतही आबांबद्दल नेमकं हेच म्हणतो. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नाही. एकेकाळी एकमेकांवाचून ज्यांना करमत नव्हतं, ते आता शेतात पाठ करून उभे राहतात. आबा माणूस तसा मनाने मऊ हो! पण तोंड असं की सावकारही रस्ता बदलेल.

त्यांची नात भाविका शहाद्याच्या कॉलेजात इतिहास शिकते. संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्याने वाचायची तिला सवय, आणि आबांना खाटेवर पडून ऐकायची. रोमन लोकांचे देव आबांना पहिल्या दिवसापासून आवडले. विजा टाकणारा ज्युपिटर, त्याची रागीट बायको ज्युनो, चुलीतल्या विस्तवाची वेस्टा, धान्याची सेरीस. दाराच्या बिजागरीलासुद्धा त्यांनी एक देवी दिली होती. "लोके हुशार व्हतात," आबा म्हणायचे.

मग एका संध्याकाळी टर्मिनस आला. हा देव शेताच्या हद्दीच्या दगडात राहायचा.

आबा ताडकन उठून बसले. "म्हंजे बांधना देव?"

"हा आबा, बांधनाच. जो दगड हालावे, त्याले आनि त्याना बैलेसले शाप लागे."

पुढची गोष्ट तर आबांना फारच भावली. ज्युपिटरचं देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा बाकीच्या देवांनी मुकाट जागा सोडली, पण टर्मिनस काही हलला नाही. शेवटी त्याच्याभोवतीच देऊळ उभं करावं लागलं आणि त्याच्या डोक्यावर आकाश दिसावं म्हणून छपराला भोक ठेवलं.

"तुमनाच भाऊ शोभस तो," तापीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्या आबांच्या पत्नी, आणि आबांना असं बोलायची हिंमत गावात फक्त त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी आबांनी बांधावरचा दगड धुतला, त्याला शेंदूर फासला, आणि निंबाखाली बसून भरतला शाप लागायची वाट पाहू लागले. अडचण अशी, की भरतकडे बैल नव्हते, ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरला शाप चालतो की नाही, हे पुस्तकात नव्हतं. ट्रॅक्टर मजेत फिरत राहिला.

आबांनी तक्रार केली तेव्हा भाविकाने पुस्तक पुन्हा उघडलं आणि तिला हसू आलं. पूजाच चुकली होती. या देवाचा सण फेब्रुवारीत. दोन्हीकडचे शेतकरी दगडापाशी यायचे, आपापल्या बाजूने हार घालायचे, घरच्या चुलीतला विस्तव आणून धान्य आणि मध वाहायचे आणि मग सगळे मिळून जेवायचे.

"एकलानी पूजा त्याले चालत नही, आबा."

आबांचं तोंड पडलं. असला देव काय कामाचा, म्हणून ते दोन दिवस घुश्शात राहिले. पण शापाची गोष्ट डोक्यातून जाईना, कारण वाटणीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात रागाच्या भरात आपलाही नांगर बांध कोरून दोन ओळी पलीकडे गेला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. आणि खरं सांगायचं तर, भरतशी बोलायला एक निमित्त मिळालंय, याचा त्यांना आतून आनंद झाला होता.

ते बांधावर गेले. भरत गव्हाला पाणी देत होता.

"भरत!" इतक्या वर्षांनी आबांनी त्याला हाक मारली.

"मोजणीवाला येनात का?" भरतने मान वर न करता विचारलं.

"मोजणी नही. पूजा शे, रोमनेसनी."

"त्या कोण? धानोराकडना का?"

"दूरना शेतस त्या. तेवीस तारखेले तुन्ही बाजूना हार तू आन. रमिलाले बी लई ये." भावजयीलाही बोलावून आबा जायला वळले, थांबले आणि घाईघाईने म्हणाले, "आनि दख, बांध मी बी कोरा व्हता."

भरत फावड्यावर हात टेकून उभा राहिला. मग पुन्हा पाण्याकडे वळला.

सणाच्या दिवशी तापीबाईंनी खापरात चुलीतले निखारे आणले. भाविकाने गहू आणि मध मांडला. आबांनी आपल्या बाजूने हार घातला. पलीकडे कोणीच नव्हतं. ऊन चढलं, निखाऱ्यांवर राख धरली. सुरू करू या का, असं भाविकाने विचारलं, तर आबांनी नकाराची मान हलवली. ते पलीकडच्या वाटेवरून नजर काढत नव्हते.

शेवटी गव्हाच्या कडेने भरत येताना दिसला. हातात झेंडूचा हार, आणि मागे त्याची बायको रमिलाबाई टोपली घेऊन. त्याने आपल्या बाजूने दगडाला हार घातला. दोघा भावांनी मिळून गहू वाहिले. टोपलीतून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत निघालं, आणि सगळे बांधावरच जेवायला बसले.

भरतने पहिला घास हातात घेतला आणि तो तसाच धरून मोठ्या भावाकडे बघत राहिला.

"दादा," तो म्हणाला, "कितला वाळी गया रे तू."

इतकी वर्षं दोघं रोज शेजारशेजारच्या शेतांत राबले, पण एकमेकांकडे नीट पाहिलं ते आज. आबा भर दुपारी, बायकापोरांदेखत रडले, आणि त्यांनी ते लपवलं नाही.