खरवडलेला ध्रुव

“काऊन हो, ध्रुव कुठं गेला?”

निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून इंगळे मास्तर मला विचारत होते. बुलढाण्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. पृथ्वी फिरते हे मास्तरांना शाळेच्या प्रदर्शनात दाखवायचं होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी देऊळघाटकडच्या रानात, जिथे एकही दिवा नव्हता, मी ध्रुवाकडे कॅमेरा लावून शटर तीन तास उघडं ठेवलं होतं. पृथ्वी फिरते, त्यामुळे प्रत्येक ताऱ्याची फिल्मवर कमान उमटते. कमानी सुरेख आल्या होत्या. मधली जागा मात्र रिकामी.

मी आतल्या टेबलाकडे पाहिलं. माझी पत्नी सुमन तेव्हा तिथे रिटचिंग करायची. निगेटिव्हवरचे नको ते काळे ठिपके बारीक पात्याने खरवडून काढायची.

“मधात जाड डाग होता, तो काढला,” ती म्हणाली. “रेघाही काढणारच होती, तेवढ्यात मास्तर आले.”

“वहिनी, अख्खं आभाळ साफ केलं असतं तुम्ही!”

“मले कोणी सांगतलं का, हे आभाळ आहे म्हणून? पेन्सिलीनं काढून देऊ का ध्रुव?”

“मंग पोरायले खोटा ध्रुव दाखवू?”

प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होतं. खरवडलेली फिल्म भरून येत नाही.

“आज पुन्हा जाऊ,” मी म्हणालो.

“मीबी येते,” सुमन म्हणाली. “पाहू तं द्या, मी काय खोडलं ते.”

रानात ती बराच वेळ मान वर करून उभी होती. तेवढ्यात समोरून कंदील लावलेली बैलगाडी आली. तो उजेड लेन्सवर पडला असता तर सगळं वाया. सुमन धावली, तिने गाडीवानाला कंदील विझवायला लावला.

“काऊन बाई, चोरी करून राह्यले का?”

“फोटो काढून राह्यलो!”

“अंधारात?” म्हणत तो हसत निघून गेला.

परतल्यावर लगेच फिल्म धुतली; मास्तर स्टुडिओत वाट पाहतच होते. तिघांनी एकदमच वाकून पाहिलं. कमानींच्या मधोमध एक आखूड, जाड रेघ होती.

“अरे, हा बी हलला!” मास्तर जवळजवळ ओरडलेच. “इतकी वर्षं पोरायले सांगून राह्यलो, ध्रुव हलत नाही!”

ध्रुव पृथ्वीच्या आसाच्या अगदी रेषेत नाही, किंचित बाजूला आहे. पुस्तकात मी हे वाचलं होतं. पाहत होतो पहिल्यांदाच.

“हाच तो डाग,” सुमन म्हणाली. “अस्साच होता.”

प्रदर्शनात त्या फोटोपुढची गर्दी हटेना. स्टुडिओत मात्र नियम झाला: आभाळाची निगेटिव्ह टेबलावर ठेवताना ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावायची. पुढे सुमन गेली. टेबलापाशी आता कोणी बसत नाही. चिठ्ठी मी अजून लावतो.