निखळलेला धोंडा

घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. पूर्वी कोकणातून मीठ आणणारे व्यापारी त्यात जकात टाकत. आता ते व्यापारी नाहीत, त्यांचे बैल नाहीत. वाटेवर ‘जतन केलेला ऐतिहासिक मार्ग’ असा फलक आहे आणि रांजणापाशी पावतीपुस्तक घेऊन एक माणूस बसतो. मी रविवारी हौसेनं घाट चढणारा. मुकाट पैसे दिले.

माझ्यामागून खालच्या वाडीतली एक म्हातारी चढून आली. डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली.

“आजी, पावती घ्या.”

“कसली पावती? तिसऱ्या वळणावरचा धोंडा निखळला होता, तो आत्ता बसवून आले. वाटेत सुटला धोंडा दिसला की बसवायचा, ही आमची जकात. माझ्या सासूनं भरली, मी भरते. तू किती धोंडे बसवलेस रे?”

टोपली सावरत ती बाजाराकडे निघूनही गेली.

पावतीवाल्यानं पुस्तक मिटलं. मला तर मान वर करवेना. तो धोंडा मला दिसला होता. मी त्याचा फोटो काढला होता आणि त्याला ओलांडून वर आलो होतो.

फलकावर मार्ग जतन केल्याचं लिहिलंय. कुणी केला, ते खडूनं का होईना, मी खाली लिहून आलो: वाडीच्या बायकांनी.