आईचा आवाज, सेलविना

आईनं जळगावच्या रेडिओ केंद्रात म्हटलेल्या ओव्या लागणार होत्या, त्याच दुपारी आमच्या खेड्यातली लाइट गेली. घरच्या रेडिओत सेलही नव्हते! मी तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकत होते. नळीवर तार गुंडाळून, डायोड आणि इअरफोन जोडून केलेला माझा छोटा रेडिओ सेट मी धावत अंगणात आणला. एक तार निंबावर चढवली, दुसरी हातपंपाला बांधली. असा सेट केंद्रातून येणाऱ्या रेडिओलहरींच्याच शक्तीवर चालतो. लहरींची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त होते आणि डायोड त्यातून आवाज वेगळा काढतो.

“सेल नही, लाइट नही, मंग बोली कोन?” आजोबा हसले.

मी इअरफोन त्यांच्या कानाला लावला. ते ताडकन उठले.

“अवं, तुनी माय शे!”

त्यांच्या ओरडण्यानं अख्खी गल्ली जमली. एकेकाच्या कानाला लागत इअरफोन आईपर्यंत पोचला, तेव्हा शेवटची ओवी चालू होती. ती रेडिओतल्या स्वतःसोबतच मोठ्यानं गायला लागली.