रक्तातली धूळ

ऐंशीच्या दशकात मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका लहानशा लॅबमध्ये रक्त तपासायची. मोजणीची मशिनं मोठ्या इस्पितळांत. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक, रेघा आखलेली काच आणि माझे डोळे. त्या डोळ्यांचा मला भारी तोरा होता. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणारे बारीक कण, मी एकेक करून मोजायची. त्यांच्याभोवती त्याहून बारीक चुरा दिसला की त्याला आम्ही धूळ म्हणायचो आणि सोडून द्यायचो.

एका लग्नसराईत बदलापूरकडच्या गावातून एक शेतकरीण लेकीला घेऊन आली. लग्न चार दिवसांवर आणि नेमकी दाढ सुजलेली. वरच्या मजल्यावरचा सिंधी डेंटिस्ट ती लगेच काढणार होता, पण हिरड्यांतून रक्त येतं म्हणून त्याने आधी तपासणी सांगितली होती. मुलीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा होता. चुड्यामुळे कोपराची शीर मिळेना, म्हणून मी बोटातून रक्त घेतलं. मनगटं निळीजांभळी झाली होती.

"कासारानी हात दाबला ना, म्हनून," आई म्हणाली. "पोरीचा हात लय नाजूक हाय, बाय."

मला ते पटलं. माझ्या लग्नात माझाही हात असाच सुजला होता. घट्ट बांगड्या भरल्याशिवाय आमच्याकडे कुणाचं समाधान होत नाही.

रक्ताचा थेंब पसरून रंगवला की खरे कण आणि धूळ वेगळे ओळखू येतात; ती रंगवलेली काच स्वतः पाहिल्याशिवाय आकडा सांगू द्यायचा नाही, असा आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा नियम होता. त्या बाहेर गेल्या होत्या आणि ती माय दारात घायकुतीला आली होती. मी घाईघाईने मोजणी केली, कण भरपूर दिसले आणि तसं चिठ्ठीवर लिहून दिलं. मुलगी परकर जरा उचलून जिना चढू लागली. तिच्या पोटऱ्यांवर लाल ठिपकेच ठिपके होते.

पायात कुणी बांगड्या भरल्या होत्या?

मी धावत आत गेले आणि काच रंगवून पाहिली. प्लेटलेट्स शोधाव्या लागत होत्या. बाकी सगळी धूळ, आणि तीच मी मोजली होती. जिना कसा चढले, आठवत नाही. डेंटिस्टच्या हातात भुलीची सुई होती.

"बहनजी, रिपोर्ट तो आपने ठीक लिखा है," तो म्हणाला.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "दाढ काढली तर हिचं रक्त थांबणार नाही."

इतकं लाजिरवाणं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही. आईने लेकीला खुर्चीवरून उठवलं. लग्न पुढे ढकलावं लागलं. मुंबईच्या इस्पितळात मुलीला प्लेटलेट्स वाढवायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांनी ती सावरली. पुढे नवऱ्याला घेऊन लॅबमध्ये पेढे द्यायला आली, तेव्हा मनगटांवर एकही डाग नव्हता.

नव्वदच्या दशकात एकदा डॉक्टरीणबाई एका परिषदेहून आल्या त्या वेगळीच बातमी घेऊन. म्हणाल्या, "आपण जिला धूळ म्हणत होतो ना, त्या पेशींनी स्वतःच सोडलेल्या इवल्या पिशव्या असतात. एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेतात. काही तर रक्त गोठवायलाही मदत करतात. उद्या त्यांच्यावरून आजारही ओळखता येईल, असं लोक म्हणतायत."

मी विचारलं, "मग त्या चुडेवालीची धूळ?"

त्या म्हणाल्या, "प्लेटलेट्स इतक्या कमी असूनही ती चालत आली होती. कदाचित त्या धुळीनेच तिला तोवर धरून ठेवलं असेल."

मला रडू आवरेना. जिच्यामुळे माझ्या हातून ती पोर जायची होती, तीच धूळ कदाचित तिच्या बाजूने उभी होती. मी मात्र कासाराचं निमित्त खरं मानून बसले होते.

आजही हातभर चुडा घातलेली मुलगी समोर आली की मी आधी तिचे पाय बघते.