स्विचवर पाळत

अर्जुनी मोरगावच्या एका कार्यालयात मी करारावर संगणकाचं काम पाहायचे, तेव्हाची गोष्ट. भारनियमन जोरात होतं. दुपारी वीज गेली की संगणक इन्व्हर्टरवर चालायचे, नेटवर्क मात्र बसायचं. साहेबांनी मला कारणे दाखवा नोटीस काढली: सगळे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्क स्विचची जोडणी सदोष आहे, आठवड्यात खुलासा द्या, नाहीतर करार वाढणार नाही. त्या इमारतीतली एकूण एक केबल मी स्वतः ओढली होती. माझं डोकंच फिरलं.

मग मी त्या स्विचवर पाळतच ठेवली. त्याला नेटवर्कवरचा पत्ता दिला, देखरेखीची सोय चालू केली, कारखान्यातून आलेला आणि जगाला ठाऊक असलेला परवलीचा शब्द बदलला. अडगळीतल्या एका संगणकावर फुकटचा प्रोग्राम टाकला. तो दर मिनिटाला स्विचला विचारायचा, सुरू होऊन किती वेळ झाला? पहिलं उत्तर आलं तेव्हा खोलीत एकटीच हसले. दुपारनंतर उत्तरच बंद! केलेली सेटिंग जतन करायला मी विसरले होते, मूर्खासारखी. स्विच बंद पडला आणि सगळं पुसलं गेलं. पण त्यातूनच कळलं की तो अडकत नव्हता, त्याची वीजच जात होती. आणि त्याला तर वीज गेल्यावरही चालू ठेवणारा स्वतंत्र यूपीएस होता.

पुन्हा सगळं केलं, या वेळी जतनही केलं. तीन दिवस तोच प्रकार. वीज गेली की पाच मिनिटांत स्विच गप्प, आली की आकडा शून्यापासून सुरू. चौथ्या दिवशी वीज जाताच मी साहेबांच्या केबिनबाहेर, स्विचच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिले. शिपाईकाका आले, यूपीएसमधली स्विचची पिन काढली आणि तिथे टेबल फॅनची लावली.

"काका, हे काऊन काढून राहिले जी?"

"साहेबायले गरमी होते ना. तेच म्हनले, त्या डब्याची पिन काढ, तो डबा काही करत नाही."

स्विच कधी बंद पडला हे दाखवणाऱ्या, प्रोग्रामने काढलेल्या आलेखाचा कागद मी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटा करून ठेवला. "शिपायाच्या चुकीनं झालं, असं लिहा. नोटीस मागे घेतो, करारही वाढवतो."

काकांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. मी खुलाशात लिहिलं: साहेबांच्या तोंडी आदेशावरून, साहेबांच्या पंख्यासाठी. सोबत आलेख जोडला. आवक लिपिक शिक्का मारेना, तेव्हा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. पोच हातात आली तेव्हाच उठले.

करार वाढला नाही. आई धानाच्या रोवण्यावरून आली, पायांचा चिखल धुता धुता म्हणाली, "साहेब म्हने तसं लिहून देलं असतं तं काय झालं असतं वं?"

"काकाची नोकरी गेली असती."

"न् तुही नोकरी गेली ना!"

"गेली. पण माह्या सहीनं कोनाची नाही गेली."