गाळ का बसतो

मी बी. फार्म. झाले आणि बाबांनी अंधेरीतल्या आमच्या औषधाच्या दुकानात माझ्यासाठी नवी खुर्ची आणली. ती बघून माझं धाबं दणाणलं. मला एम. फार्म. करायचं होतं आणि घरात तसं बोलायची हिंमत होत नव्हती. वर्गातल्या मुलांना औषधांच्या कारखान्यांत नोकऱ्या लागत होत्या. त्यामुळे पुढे शिकणारा म्हणजे कुठेच वर्णी न लागलेला, असा सगळ्यांचा समज. शेवटी एकदा जेवताना बोलून टाकलं. बाबा मान वर न करता म्हणाले, "औषधं बनवता येतात ना तुला? मग आणखी काय शिकायचं राहिलंय?" मी रागाने ताट उचलून उठले.

त्याच सुमारास वेसाव्याची एक कोळीण मावशी तणतणत आली. नातवाचे जुलाब थांबत नव्हते. आम्ही दुकानात बनवून दिलेली बाटली तिने पुढ्यात ठेवली. जुलाब थांबवायला औषधात खडूची पूड होती, ती सगळी तळाशी तशीच. विहिरीचं पाणी निवळून प्यायची तिच्या घरची रीत. औषधही तिने तसंच, वरचं निवळलेलं तेवढंच पाजलं होतं.

"मावशी, हलवून पाजा म्हणून सांगितलं होतं ना?" बाबा म्हणाले.

"चिकल ढवलून पोराला पाजू?"

बाबांनी तिला समजावून दुसरी बाटली दिली, आणि पोर बरं झालं. मी मात्र गाळ न बसणारं औषध करायचंच, या हट्टाला पेटले. पुस्तकाप्रमाणे डिंक घातला तर गाळ बसेना, पण औषध दाट झालं. नासलंय म्हणून गिऱ्हाइकं परत आणू लागली. डिंक कमी केला, तर सकाळी एकजीव दिसणारं औषध दुपारी खाली बसायचं. बाटल्या मी फळीवर मांडत गेले. बाबा येता-जाता बघायचे.

एका दुपारी चष्मा कपाळावर चढवून ते फळीपाशी बराच वेळ उभे राहिले.

"सकाळभर छान राहतं गं हे. मग दुपारीच का बसतं?"

"माहीत नाही, बाबा."

"कॉलेजात नाही सांगितलं?"

"काय मिसळायचं ते सांगितलं. असं का होतं, तेच तर शिकायचंय मला."

चष्मा खाली घेऊन ते गल्ल्याकडे वळले. मला वाटलं, विषय संपला. तेवढ्यात तीच मावशी पुन्हा जुलाबाचं औषध न्यायला आली. बाबांनी बाटली तिच्या हातात दिली.

"हलवून घ्या बरं का, मावशी. पोरगी आणखी दोन वर्षं कॉलेजात जाणार आहे. गाळ का बसतो ते तिला कळेपर्यंत तुम्हाला हलवावंच लागेल."

मी उठून उभी राहिले, तशी बाबांनी माझी खुर्ची ओढली आणि स्वतःच तिच्यात बसले.