कापसाचे बोळे

नाशकात आमच्या घरासमोर तांब्याच्या भांड्यांचा कारखाना होता. ठोक्यांनी छाती धडधडते म्हणून त्याचे मालक दिवसभर कानांत कापसाचे बोळे घालून बसायचे. पण तांबटांनी पाणी प्यायला हातोडे खाली ठेवले, की ती शांतता मात्र त्यांना बोळ्यांतूनही ऐकू यायची. लगेच घाम पुसत बाहेर. "थांबलात का? ॲल्युमिनियमनं निम्मा बाजार खाल्ला, आणि तुम्ही गप्पा मारा." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, धंद्याचा घोर तुम्हा पगारदारांना नाही कळायचा." हे वाक्य मी रोज ऐकत असे.

एकदा घंगाळ ठोकताना एका म्हाताऱ्या तांबटाचं बोट चेचलं. सगळे हातोडे थांबले. मी घरातून साखरपाण्याचा पेला घेऊन धावलो, तोवर मालक बाहेर आले होते. रक्त पाहून ते मटकन खाली बसले, माझ्या हातातला पेला घेतला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"आता जरा बरं वाटतंय," ते म्हणाले. मग एका कानातला बोळा काढून त्यांनी म्हाताऱ्यापुढे धरला. "हा दाब बोटावर. बाकीच्यांनी ठोका."

ठोके सुरू झाले, तसा त्यांनी उघड्या कानावर हात ठेवला.